आबांच्या बॅटरीचा बल्ब

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेली आमच्या गल्लीतली पहिली मुलगी मी, आणि त्याचा मला नको तेवढा माज होता. कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाच्या टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली, की बायका माझ्याकडं यायच्या. मी आधी 'हे उघडलं कुणी होतं?' असं दरडावून विचारायची आणि मगच हात लावायची. बिघाड वस्तूत असतो आणि तो मला सापडतो, एवढीच माझी अक्कल होती.

आमचं गाव कोल्हापूरपासून सायकलच्या अंतरावर. माझे वडील, म्हणजे आबा, गावाला नळाचं पाणी सोडायचे. पहाटे साडेचारला घरातून निघायचे. गल्लोगल्ली जमिनीखाली पाणी उघड-बंद करायचे वॉल होते, छातीएवढ्या खोल खड्ड्यांत, वर लोखंडी झाकण. झाकण सरकवायचं, लांब दांड्याची चावी वॉलच्या डोक्यावर बरोबर बसवायची आणि फेरे मोजत फिरवायची. एक फेरा कमी पडला तर वरच्या गल्लीला पाणी चढत नसे आणि सकाळी दारात भांडण उभं राहायचं. याच गावात आबांचे आजोबा विहिरीपासून लांब उभे राहायचे, कुणी वरून ओतेल त्या पाण्यासाठी. पुढं आमचं घर बौद्ध झालं, पोरं शिकली, आणि आता सगळ्या गावाच्या पाण्याची चावी आबांच्या हातात होती. आबा हे कधी बोलून दाखवायचे नाहीत. पण आजारी असले तरी चावी दुसऱ्याला द्यायचे नाहीत, ताप अंगावर काढायचे. ती चावी गेली असती तर आबांचं काय उरलं असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं.

त्यांच्याकडं एक चार्जिंगची बॅटरी होती. विजेरीला आम्ही बॅटरीच म्हणतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी घेतलेली, प्लास्टिकची, कंदिलाएवढी, वर मूठ. एक दिवस आबा म्हणाले, हिचा उजेड पिवळा पडलाय, खड्ड्यात नीट दिसत नाही. आमच्याकडं उजेड कमी झाला की माणूस पहिल्यांदा व्होल्टेजला शिव्या घालतो. रात्री चार्जिंगला व्होल्टेज मिळत नसणार, असं मी ठरवून टाकलं आणि मीटर लावून बघितलं. आतला सेल ठणठणीत होता. तिथंच मी थांबायला हवं होतं. सेल चांगला, बल्ब चांगला, तर मग उजेड कमी कुणाला पडतोय, एवढं साधं विचारायचं होतं. ते सोडून मी शहरात जाऊन सहा व्होल्टचा हॅलोजन बल्ब आणला, जुन्याच्या तिप्पट ताकदीचा.

तो तसाच बसणार नव्हता. होल्डर घासून मोठा केला, जाड वायर ओढली, बटण बदललं. दहाच मिनिटांत आतल्या प्लास्टिकच्या चकचकीत वाटीला वास यायला लागला, ती वितळून वाकडी झाली. मग भंगारवाल्याकडून धातूची आणून बसवली. समोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र गोळा पडला. आबा त्या गोळ्याकडं बघत राहिले. आता कसं झकास दिसतंय, म्हणाले. मी हवेत.

वर्ष झालं असेल नसेल, पुन्हा तेच. उजेड पुरत नाही. त्याच सुमारास गावच्या शाळेत डोळ्यांचं मोफत शिबिर लागलं. आईनं आबांना सांगितलं, सहज जाऊन या. शिबिरात सगळं गाव रांगेत उभं राहणार, पाणी सोडणारा डोळे दाखवायला आलाय हे दुपारपर्यंत पंचायतीत पोचणार. त्यांना तीच धास्ती होती, आणि ती मला दिसत होती. मी काय केलं? मी म्हटलं, "शिबिराला कशाला जाताय? उजेड वाढवला की झालं."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येत नाही.

या वेळी मोपेडच्या हेडलाइटचा बल्ब बसवला. आतला सेल त्याला पंधरा मिनिटं पुरेना, म्हणून मोठा सेल खांद्याच्या पिशवीत घातला आणि वायर बाहेर काढून बॅटरीला जोडली. वाटी मागंपुढं करून झोत बारीक केला. हे मी फार हुशारीनं केलं होतं. झोत जितका बारीक तितका आबा खूश व्हायचे, आणि का ते मी विचारलं नाही. पहाटे दूध घालायला निघालेली माणसं ओरडायची, अहो पावणं, डोळं घालवता का आमचं! आबा हसून झोत खाली करायचे. घरी येऊन मला सांगायचे आणि मी फुगायची. खरं सांगते, आता ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

पुढच्या पावसाळ्यात ते पडले. वरच्या गल्लीत दोन खड्डे शेजारी शेजारी होते. आबांनी दोन्ही झाकणं स्वतः सरकवली, एकाचं काम उरकलं, वळले आणि दुसऱ्यात गेले. कुणीतरी बोलवायला आलं, मी धावत गेले. आबा गुडघाभर पाण्यात, मांडीचं हाड मोडलेलं. बॅटरी वर काठावर पडली होती, चालूच. आणि तिचा झोत सरळ त्याच खड्ड्यावर होता. खड्डा, झाकण, चिखल, सगळं दिवसासारखं लख्ख. उजेड भरपूर होता. माणूस उजेडात पडला होता.

मला पडलं तसं हे कोडं लोकांनाही पडलंच. एवढ्या उजेडात पडतोय म्हणजे घेतली असणार, अशी कुजबुज सुरू झाली. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. गल्लीतल्या पिणाऱ्या पोरांना आबा विहारात बसवून तासतासभर समजवायचे. मी चवताळले. ग्रामसेवक चौकशीला घरी आले तेव्हा मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्लॅस्टर घालून पडलेले आबा बोलले.

"घेतली होती, भाऊसाहेब. जरा जास्त झाली."

ग्रामसेवकांनी मान हलवली. या खेपेला सोडतो, पुन्हा असं होऊ देऊ नका, म्हणाले आणि चहा पिऊन गेले. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी आबांवर ओरडले, असलं खोटं कशाला बोललात, लोक तोंडावर थुंकतील. आबा छताकडं बघत होते.

"पिणाऱ्याला माफी असती. आंधळ्याच्या हातात चावी कोण ठेवंल?" मग म्हणाले, "कडंनं काय बी दिसत न्हाय गं मला. दोन वरसं झाली. समोर तेवढं दिसतंय, नळकांड्यातनं बघितल्यागत."

कुबडी घेऊन चालायला लागल्यावर मी त्यांना कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. डोळ्यांतला दाब वाढून आतली शीर सुकत आलेली. यात कडेचं आधी जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला लवकर कळत नाही, त्यांनी समजावलं. गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेही फार दिवस टिकेल असं वाटत नाही. मग त्यांनी विचारलं, आधी कुठं दाखवलं नाही का, साध्या शिबिरातसुद्धा हा दाब मोजतात. मी जमिनीकडं बघत होते. आबाच बोलले, त्यांना माझं कौतुक सांगायचं होतं. पोरीनं लय केलं माझ्यासाठी, म्हणाले, दोनदा उजेड वाढवून दिला. डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि चिठ्ठी पुढं ओढली. रागावले असते तर बरं झालं असतं.

चिठ्ठी लिहिता लिहिता ते म्हणाले, हा आजार घराण्यात चालतो, मुलांनीही तपासून घ्यावं. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, मला स्वच्छ दिसतंय, यांचं बघा आधी. आबांनी माझा दंड धरला. आयुष्यात माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस.

"मला बी दिसतच हुतं की. बस तिथं."

मी बसले. हनुवटी मशीनवर टेकवली. माझ्या डोळ्यांतला दाबही वाढलेला निघाला. शीर अजून शाबूत होती. त्याच दिवसापासून औषधाचे थेंब सुरू करायचे, ते जन्मभर, बाकी घाबरायचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर जिन्यात आबांनी विचारलं, वेळेत सापडलं का तुझं. मी हो म्हटलं. मी त्यांच्या कडेनं उतरत होते, मला रडू फुटलं होतं, ते त्यांना दिसत नव्हतं.

"मग पडलो ते बरं झालं," आबा म्हणाले, आणि रिक्षा कुठल्या बाजूला उभी आहे ते मला विचारलं.