हारलो तं हारलो सांगजो

भाभीचा फोन आला तेव्हा मी तालुक्याच्या शालेय स्पर्धेत माइक धरून उभी होते. आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलीची रेड सुरू होती. समोर पाच जणी साखळी करून उभ्या, आणि ही एकटी कोपऱ्यात पाय सरकवत होती. पर्समधला फोन थरथरत राहिला. मुलगी मध्यरेषेला हात लावून परत आली, मी पॉइंट सांगितला, मग फोन घेतला. "रज्जू, तेरा भाई गया," भाभी एवढंच म्हणाली. मी माइक शेजारच्या सरांकडे दिला आणि स्कूटर काढली. आरमोरीपर्यंतच्या रस्त्यात मी रडले नाही. हे होणार हे मला चार महिन्यांपासून ठाऊक होतं, आणि माझ्याच तोंडून ते भाईलाही ठाऊक होतं.

हबीबभाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाणी देणाऱ्या मोटारी जळल्या की शेतकरी त्या बैलबंडीत, पुढे पुढे मोटरसायकलवर बांधून आमच्याकडे आणत. भाईचा हात तांब्याच्या तारेवर असा चालायचा की बघत राहावं. एटापल्ली, भामरागडकडूनही बोलावणी यायची. तो मुक्कामी जायचा, मोटार सुरू करून यायचा. पण आरमोरीत त्याला ओळखत ते कबड्डीसाठी. उंच, सडपातळ, डाव्या बाजूचा रेडर. आमच्या वॉर्डाच्या मंडळाकडून खेळायचा, आणि दिवाळीनंतर धान निघालं की सुरू होणाऱ्या स्पर्धांसाठी वर्षभर जगायचा. मग गुडघा गेला, दुकानाचं काम कमी झालं, लग्न झालं, आणि सत्ताविसाव्या वर्षी तो इलेक्ट्रिशियन म्हणून मस्कतला गेला. दोन वर्षांसाठी गेला होता. एकोणीस वर्षं राहिला.

तिथे एका खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही. केरळचे तिघं होते, म्हणून मल्याळी मालिका चालायच्या. उरलेल्या वेळात अरबी फुटबॉल, आणि कधी कधी उंटांच्या शर्यती. क्रिकेट लागलं की खोली एक व्हायची. पण क्रिकेट भाईला फारसं आवडतच नव्हतं! त्याला हव्या होत्या संध्याकाळच्या मराठी बातम्या, आणि त्यातही शेवटचं हवामान. फोनवर अम्मीची तब्येत विचारून झाली की मला विचारायचा, "आज टीव्हीवर आपल्याकडचं का सांगतलं व?" पावसाळ्यात मी सांगायची, भामरागडचा रस्ता बंद झाला, पुलावरून पाणी आहे. तो खुश व्हायचा. "म्हनजे पानी बरं हाय यंदा," म्हणायचा. आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर यायला कोणाचा तरी रस्ता बंद व्हावा लागतो, हे त्याने मस्कतमध्ये बसून मला पहिल्यांदा सांगितलं.

पहिल्याच हिवाळ्यात त्याने मागणी केली. वॉर्डाची फायनल होती. "रज्जू, मैदानावर जा. मी समोरच्या बूथवर फोन करतो. मले सांग का चालू हाय ते." मी तेव्हा अठरा वर्षांची, डी.एड.च्या पहिल्या वर्षाला. मैदानावर सगळे पुरुष. अब्बा म्हणाले, "लड़की मैदान पे जाएगी? लोग क्या कहेंगे?" भाईने अब्बांना फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी अब्बा स्वतः मला बूथपर्यंत सोडायला आले आणि पाठ करून उभे राहिले. रिसीव्हरची दोरी आखूड होती. मी बूथवाल्याच्या स्टुलावर चढून लोकांच्या डोक्यांवरून बघत सांगू लागले. घरी आम्ही हिंदी बोलतो, म्हणून मी हिंदीत सुरुवात केली, तर तिकडून ओरडला, "मराठीत बोल न! कबड्डी मले हिंदीत नाई समजत."

मला खेळातलं काही कळत नव्हतं. मी म्हणायची, "एक जण गेला, त्याला पकडलं." तो चिडायचा. "कोन गेला? कुठून पकडलं? कॉर्नर कुठी होता? ऊन कोन्या बाजूनं हाय?" ऊन कशाला हवं, मला कळेना. मग समजलं, चार वाजताचं ऊन पश्चिमेकडे तोंड करून खेळणाऱ्याच्या डोळ्यांत येतं, आणि भाईला ते तिथे बसून हिशेबात धरायचं असतं. त्या वर्षापासून मी बघायला शिकले. कोण डाव्या पायावर भार देतो, कोणाचा श्वास संपत आलाय, कोणता पोट्टा घाबरलाय. लोक बोलले, भरपूर बोलले. मी बोलतच होते, त्यामुळे मला ऐकू आलं नाही.

बूथ गेले, मोबाइल आला. आता मी रेषेजवळ उभी राहू शकत होते. तिकडे भाई फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवायचा आणि खोलीतले सगळे भोवती बसायचे. त्यात कुंजुमोन नावाचा केरळचा प्लंबर होता. त्याला मराठीचा शब्द येत नव्हता, पण माझा आवाज चढला की तो टाळ्या वाजवायचा. ते मला इकडे ऐकू यायचं.

याच काळात मी एक चूक केली. त्या वर्षी भाई शिडीवरून पडला होता आणि पाय प्लास्टरमध्ये घालून खोलीत एकटा पडून असायचा. आवाज खोल गेलेला. आणि आमची टीम सेमीफायनललाच ब्रह्मपुरीकडून हरली. मला सांगवेना. मी म्हटलं, जिंकलो. आता जिंकलो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी फायनल आलीच... मी आमच्या घराच्या गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले, आणि पूर्ण मॅच मनाने खेळले. रेडर उभे केले, कॉर्नर लावले, ऊनसुद्धा विसरले नाही. मध्येच त्याने विचारलं, "पब्लिक कुठी हाय व? आवाज नाई येऊन राह्यला."

"थंडी हाय न भाई. लोक कमी आहेत."

"हं," तो म्हणाला. मी वॉर्डाला तीन पॉइंटनी जिंकवलं.

तिसऱ्या दिवशी त्याला आरमोरीच्याच एका ओळखीच्या माणसाने खरं सांगितलं. भाईचा फोन आला तेव्हा मी वर्गातून बाहेर येऊन घेतला. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो अगदी हळू बोलला. "रज्जू, घरून सगळे मले चांगलंच सांगते. अब्बा बरे हाय, अम्मी बरी हाय, दुकान बरं हाय. मले मालूम हाय, अर्धं झूठ राह्यते. मी बी तुमाले झूठच सांगतो, जेवन चांगलं हाय म्हनून. एक तुही कबड्डी खरी होती. तू बी तेच केलं?" मी रडायला लागले. तो म्हणाला, "हारलो तं हारलो सांगजो. मी काही मरून नाई जात."

त्यानंतर मी भाईशी एकदाही खोटं बोलले नाही. त्याची किंमत लगेचच पुढच्या वर्षी मोजावी लागली. अम्मीच्या पोटात गाठ निघाली. अब्बांनी घरात सगळ्यांना बजावलं, हबीबला कळवायचं नाही, तो तिथे काळजीने मरेल, कामावर लक्ष लागणार नाही. भाभीसुद्धा गप्प राहिली. मी मागच्या दाराने निघाले, मैदानावर गेले. तिथे त्या वेळी म्हशी चरत होत्या. भाईला फोन लावला आणि डॉक्टर जे बोलले ते शब्द न बदलता सांगितलं. त्याने विचारलं, "टाइम किती हाय?" मी म्हटलं, एक महिना म्हणतात. पाचव्या दिवशी तो आरमोरीत होता. अम्मीसोबत त्याला अकरा दिवस मिळाले. तिला तो सकाळी उन्हात बसवायचा, स्वतःच्या हाताने खिमट भरवायचा. अब्बा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मग एका शुक्रवारी नमाजहून येऊन टोपी काढता काढता म्हणाले, "अच्छा किया तूने." एवढंच. मला तेवढं पुरलं.

माइक माझ्या हातात आला तो अपघाताने. मंडळाचे अध्यक्ष नामदेवभाऊ, धानाचे शेतकरी आणि गडगडाटी आवाजाचे माणूस, दरवर्षी मला रेषेजवळ फोनमध्ये बोलताना बघायचे. एका वर्षी सांगणाऱ्याचा घसा बसला. नामदेवभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, तुमी हबीबले सांगता तसंच आमाले सांगा. फोन बंद नका करू, इकडे ठेवा माइकापाशी." मी टेबलावर एका बाजूला फोन ठेवला आणि बोलू लागले. पहिल्या पाच मिनिटांत मैदान हसत होतं, कारण सगळ्यांना दिसत असताना मी ऊन कुठे आहे तेही सांगत होते. दहाव्या मिनिटाला हसू थांबलं. आज पंधरा वर्षं झाली, आरमोरीत, वडशात, ब्रह्मपुरीत मला बोलावतात. पहिलीच बाई वगैरे म्हणतात. मला त्याचं विशेष वाटत नाही. मला एका माणसाने डोळ्यांसमोर नसलेलं मैदान दाखवायला लावलं, त्यातून हे झालं.

फायनल पूर्वी रविवारी असायची. रविवारी मस्कतला काम; भाईला आणि खोलीतल्यांना दरवेळी रजा मागावी लागायची. मी नामदेवभाऊंकडे गेले आणि म्हटलं, फायनल शुक्रवारी ठेवा, तिकडे शुक्रवारी सुट्टी असते. कमिटीत आरडाओरड झाली. "एका मानसासाठी?" कोणीतरी विचारलं. नामदेवभाऊ म्हणाले, "त्या मानसाच्या रेडीवर आपन तीन वर्षं नाचलो गा. बसा खाली." तेव्हापासून आमची फायनल शुक्रवारी, दुपारी चार वाजता असते. नव्या पोरांना वाटतं, ही जुनी परंपरा आहे.

पुढे टीव्हीवर कबड्डीची मोठी लीग आली. झगमग दिवे, खेळाडूंचे पोशाख. ती मस्कतच्या खोलीतही दिसू लागली. आता भाईला माझी गरज उरणार नाही, असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. मी विचारलं तर म्हणाला, "चांगली हाय. पोट्टे तयारीचे हाय. पन गादीवर खेळते, कपड्याले माती नाई लागत. अन् त्यातला एकाचाही बाप मले मालूम नाई." आमच्या मैदानावरच्या प्रत्येक पोराचा बाप त्याला माहीत होता. मी नाव घेतलं की तो म्हणायचा, त्याचा बाप बी उजवीकडूनच जायचा, पकडा त्याले!

चार वर्षांपूर्वी तो कायमचा परत आला. दुकान पुन्हा उघडलं. पहिल्या फायनलला मैदानावर आला, खुर्चीवर बसला आणि पंधरा मिनिटांत उठून माझ्या टेबलामागे येऊन उभा राहिला. "तिथून समजत नाई," म्हणाला. "तू बोलते तेव्हाच दिसते." आणि खिशातून फोन काढून मस्कतची खोली लावली. कुंजुमोन आणि मंडळी तिथेच होती. माझं बोलणं त्यांना जावं म्हणून त्याने फोन स्पीकरखाली धरला आणि मध्ये मध्ये स्वतः समजावत राहिला. दरवर्षी तेच.

या पावसाळ्यात खोकला थांबेना म्हणून त्याला नागपूरला नेलं. डॉक्टर माझ्याशी आणि भाभीशी वेगळ्या खोलीत बोलले. बाहेर बाकावर भाई बसला होता, हातात चहाचा कागदी कप. भाभी नळाकडे निघून गेली. मी शेजारी बसले. "बोल," तो म्हणाला. मी सांगितलं. दोन्ही फुप्फुसं, उशीर झालाय, दिवाळी पाहशील, त्यापुढचं डॉक्टर सांगत नाहीत. त्याने चहा संपवला. "बरं केलं तू बाहेर येऊन गोल गोल नाई बोलली," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "अकरा मोटारी पडून हाय दुकानात. लोकायच्या धानाच्या रोवन्या अडल्या असन." आरमोरीत पोचल्यावर तो दुसऱ्या दिवसापासून दुकानात बसला. दम लागायचा, थांबायचा, परत तार हातात घ्यायचा. अकराही मोटारी त्याने फिरवून दिल्या. शेवटची न्यायला आलेल्या शेतकऱ्याला म्हणाला, "पुढच्या वेळी गडचिरोलीत दाखवा भाऊ, मी नाई राहन." त्या माणसाला वाटलं, भाई परत मस्कतला चाललाय. दिवाळी त्याने पाहिली. थंडी पडू लागली तेव्हा गेला, सकाळी, झोपेतच.

महिना-सव्वा महिना झाला असेल, नामदेवभाऊ घरी आले. आता थकलेत, काठी घेऊन चालतात. "बाई, यंदा तुमी नाई आल्या तरी चालते. आमी समजून घेऊ."

"येते न भाऊ. टाइम चारचाच न?"

गेल्या शुक्रवारी मी गेले. टेबल, माइक, चुन्याच्या ताज्या रेषा. चारला पाच मिनिटं असताना फोन वाजला. मस्कतचा नंबर. कुंजुमोन होता, मोडक्या हिंदीत बोलत होता. "सिस्टर, हबीबभाई नहीं है, मालूम है. लेकिन आज शुक्रवार है. हम लोग बैठा है." मी फोन स्पीकरवर टाकून माइकाशेजारी टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखी सुरुवात केली, ऊन पश्चिमेकडून आहे, वडशाची टीम उन्हात आहे. अटीतटीची मॅच झाली. शेवटच्या रेडीत आमच्या पोराचा पाय घसरला आणि आम्ही दोन पॉइंटनी हरलो. मी तसंच सांगितलं. मैदान गप्प झालं, तेव्हा टेबलावरच्या फोनमधला आवाज मला स्वच्छ ऐकू आला. भाईच्या पलंगावर आता बिहारचा एक वेल्डर राहतो. तो विचारत होता, क्या हुआ, कौन हारा? आणि कुंजुमोन त्याला समजावत होता, जोरजोरात, भाईच्याच चालीवर, "हारलो न गा आपन... पाय घसरला पोट्ट्याचा!"