धाब्यावरचा हंडा

साठच्या दशकात माझा थोरला भाऊ समुद्रकाठच्या रडार केंद्रावर नोकरीला लागला. वादळ कुठे उठलंय, विमान कुठे आहे, हे तिथल्या पडद्यावर दिसे. आमचं गाव खानदेशात, प्रकाशा या तीर्थाच्या गावाजवळ, तापीकाठी. समुद्र घरात कुणीच पाहिला नव्हता.

पहिल्या सुट्टीत आईने त्याला विचारलं, "तुन्हा यंत्रमा आपलं घर दिखस का रे?"

"घर नही दिखत, माय. तू तांबाना हंडा चमकाडीसन धाबावर ठेव, मी वळखी लिसू."

भाऊ जात्याच थट्टेखोर. बोलता बोलता त्याने मला डोळा मारला. आईला मात्र ते ब्रह्मवाक्य झालं. रोज दिवेलागणीआधी हंडा चिंचेने घासायचा आणि शिडीने वर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, नेऊन ठेवायचा. घासणारी अर्थात मी. थट्टा करणारा मोकळा आणि हात माझे काळे, याचा मला भारी राग यायचा.

पुढच्या सुट्टीत चपला काढता काढता तो उगाच म्हणाला, "त्या हप्तामा हंडा का बरं ठेवा नही, माय?"

त्याने अंधारात दगड मारला होता. पण मधे एक आठवडा हंडा खरंच शेजारच्या लग्नात गेला होता. आईला नवल वाटलंच नाही. तिने सहज लग्नाचं सांगितलं, तेव्हा भाऊच चपापला. जेवतानाही तो छताकडे बघत होता आणि ते बघून मला भीती वाटली.

त्या पावसाळ्यात वादळात तो रडारच्या मनोऱ्यावर दुरुस्तीला चढला आणि पडून गेला. दिवसकार्य आटोपलं त्याच संध्याकाळी आई हंडा घेऊन शिडी चढली.

वडील खालून म्हणाले, "आते कोनले दखाडी ऱ्हायनी तू?"

"पोऱ्या गया. त्यानं यंत्र त चालू शे ना."

पुढे आई असेपर्यंत हंडा चुकला नाही. माझं सासरही गावातच, म्हणून घासत मीच होते, पण राग कधी गेला ते कळलं नाही. हंडा उतरवायला वर गेले की समुद्राच्या बाजूने कुणीतरी बघतंय असं वाटे, आणि मी पदर सावरत असे.

आता आई नाही. हंडा माझ्याकडे आहे. सून घासून ठेवते म्हणते, मी हात लावू देत नाही. चमकला तर भाऊ बघेल, आणि त्याला वाटेल, माय अजून धाब्यावर उभी आहे.