काजू माझेच होते

"थैला उलटा करो."

वॉचमन म्हणाला आणि मी केली पिशवी उलटी. गेटवरच, टेबलावर, सगळ्यांसमोर. स्कूलबसची वाट बघणाऱ्या बायका होत्या, कुत्रा फिरवणारे एक आजोबा होते, दोन-तीन डिलिव्हरीवाले होते. रिकामा डबा पडला. ओढणी पडली. पॅडचं पाकीट पडलं, ते मी झटकन ओढणीखाली सरकवलं. आणि शेवटी फडक्यात बांधलेली पुरचुंडी. त्याने गाठ सोडली. आत काजू.

"ये कहाँ से आया?"

"मेरा है. गाव से आया."

"सुबह एंट्री कराया था?"

नव्हती केली. मीरा रोडच्या त्या कॉम्प्लेक्सचा नियमच तसा. कामवाली येताना जे आणेल ते गेटवर दाखवायचं. दाखवलं नाही, तर जाताना ते तिचं नाही. घरातून कोणी उरलेली भाजी दिली तरी वरून फोन यायला लागतो, तेव्हा ती भाजी गेटबाहेर पडते. त्या दिवशी सकाळी गावची गाडी आली. आम्ही पेणकरपाड्यात चाळीत राहतो, गाडी तिथेच हायवेला थांबते. भावाने ड्रायव्हरकडे काजू दिले होते. मला उशीर झालेला, घरी परत कुठे जाणार? पुरचुंडी पिशवीत टाकली आणि तशीच कामावर पळाले. आपल्या घरचे काजू गेटवर दाखवायचे असतात, हे डोक्यातच आलं नाही. का यावं डोक्यात?

वॉचमनने वर फोन लावला. अकराव्या मजल्यावरच्या वहिनींना. त्यांच्याकडे मी स्वयंपाक करायचे. दादरहून इकडे आलेलं मराठी कुटुंब, माहेर गुहागरकडचं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "अय्या, तू पण रत्नागिरीची? मॅडम नको म्हणूस गं, वहिनी म्हण. आपण एकाच मातीतल्या." मी मेली विरघळले. घरी जाऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, माणसं चांगली मिळाली म्हणून.

वहिनी खाली आल्या. माझ्याकडे बघितलंच नाही. काजूंकडे बघितलं.

"एवढे काजू? तुझ्याकडे?"

"भावाने पाठवलेत, वहिनी. घरच्या झाडांचे."

"नाही गं, मी कुठे काय म्हणतेय? वर जाऊन फक्त माझा काजूचा डबा बघून येते." मग वॉचमनला, "तब तक इसको रोक के रखो."

इसको! त्यांच्या सासूबाईंना पथ्याचं करून घालणारी मी. त्यांच्या मुलाला ताप असताना उशाशी बसलेली मी. इसको.

मी उभी राहिले. कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूला, तिथे उभं राहा म्हणाला तो. त्याच्यावर तरी काय चिडू? त्याने मला सोडलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. ज्यांच्या पैशातून त्याचा पगार, त्यांच्याच पैशातून माझा. एका गरिबाला पगार देऊन दुसऱ्याची झडती घ्यायला लावायची. हुशार आहेत.

मला भीती एकच होती. गेटचं ॲप असतं ना फोनमध्ये, त्यात आमचे फोटो असतात. फोटोखाली तारे. हॉटेलच्या जेवणाला देतात तसे माणसाला तारे! त्यात एकदा नावापुढे चोर लागलं की कॉम्प्लेक्समधली माझी सगळी घरं गेली. आणि नाव गेलं ते परत कुठे मिळतं? माझी मुलगी जवळच्याच कॉलेजात जाते. तिच्या कानावर काय जाईल, हेच डोक्यात घुमत होतं.

आणि मग आई आठवली.

आई गावाकडे काजूच्या कारखान्यात होती. बिया फोडायला. त्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी जळते. राख लावून, खोबरेल लावून बसायच्या सगळ्या बाया, तरी बोटं काळी ती काळीच. जेवताना भात झोंबायचा तिला. आणि सुटताना दारात एक बाई उभी असायची. ती सगळ्यांच्या ओट्या चाचपायची, केसात हात घालायची. मी लहान होते, आईला आणायला जायचे, बघायचे. आई म्हणायची, "चाचपू दे गो. आपण चोरलाव कुठे?"

हेच वाक्य मीही म्हणत आले. इतकी वर्षं, रोज, पिशवी उघडताना. आपण चोरलंय कुठे?

तिथे डब्यांच्या वासात उभं राहून माझं टाळकं सटकलं. अरे, चोरलं नाही तर उघडायची कशाला? काजू फोडून हात जळतात आमचे. आणि तोच काजू आमच्या पिशवीत दिसला की चोरीचा! उद्या बदाम निघाले, चांगला साबण निघाला, तरी हेच. गरिबाच्या पिशवीत गरिबीच निघाली पाहिजे. दुसरं काही निघालं की ते कुणाचं तरी आहे.

इंटरकॉम वाजला. "डबा बराबर है. जाने दो उसको."

बस्स. एवढंच. पुरचुंडी मी बांधली, खाली सांडलेले काजू मी वेचले. बसच्या बायका आपल्या फोनमध्ये बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी वहिनी म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस हं. नियम आहे. सगळ्यांना लागू आहे."

"सगळ्यांना म्हणजे? तुमची पर्स बघतात, वहिनी?"

त्या हसल्या. मी खुळ्यासारखं विचारलं असं हसल्या. "अगं, आम्ही इथे राहतो."

त्या संध्याकाळी मी गेटवर पिशवी काखेत घट्ट धरली.

"थैला," वॉचमन म्हणाला.

"नहीं खोलूँगी."

मागे आमच्या बायकांची लाइन होती. त्याने सेक्रेटरीला बोलावलं. सेक्रेटरी गाडी घेऊन बाहेरच निघाला होता, काच खाली करून म्हणाला, "रूल है. सबके लिए है."

"तो पहले आपकी डिकी खोलो."

"हम मेंबर हैं!" तो ओरडला.

"और मैं चोर? किसने बोला? नाम बताओ."

मी चालायला लागले. कोणी अडवलं नाही. मागे वळून बघितलं तर बाकीच्या एकेक करून पिशव्या उघडत होत्या. त्यांचा राग नाही आला. कालपर्यंत मीच त्या लाइनीत होते.

सकाळी गेटवर माझ्या फोटोवर लाल खूण. प्रवेश बंद. सगळी घरं एका फटक्यात गेली. दुपारी वहिनींचा फोन आला. वाटलं, आता तरी माझ्या बाजूने बोलतील. म्हणाल्या, "कमिटीचा निर्णय आहे गं, मी काय करू? रविवारी पाहुणे आहेत माझ्याकडे. तू जरा माफी मागून टाक ना."

"माफी तुम्ही मागायची, मॅडम," म्हटलं, आणि फोन ठेवला.

नवरा चिडला. "मोठी शहाणी! आता खायचं काय?" त्याचंही खरं होतं. आता मी जुन्या बिल्डिंगींमध्ये काम करते, जिथे गेट नाही. पैसे कमी येतात, पाय जास्त दुखतात. मुलीचा क्लास सोडवला, ते मला रोज टोचतं. पण नवीन कामाचं कोणी विचारलं की मी पहिलं विचारते, जाताना झडती घेता काय? हो म्हणाले की मी चपला घालते.

आणि संध्याकाळी त्या कॉम्प्लेक्सच्या बाहेर, वडापावच्या गाडीपाशी जाऊन उभी राहते. आमच्या बायका सुटतात तेव्हा. मराठी, हिंदी, जी भाषा येईल त्यात बोलते. पहिल्यांदा माना खाली घालून निघून जायच्या. आता थांबतात. परवा एक म्हणाली, "दीदी, अकेली से नहीं होगा, सब मिलके बोलेंगे तो मैं हूँ." तेच तर मी सांगतेय. माझं काम परत नको मला. त्या गेटवरचं टेबल उठलं पाहिजे. नाही उठलं, तर एका सकाळी आम्ही एकजणही आत जाणार नाही, आणि मग त्या सगळ्या मजल्यांवर कणीक कोण मळतं ते मला बघायचंय.