मात्रोना म्हणाली, पुरेल

मात्रोनाच्या तोंडून कधी वाईट शब्द निघाला नाही, आणि त्यानंच तिचा घात केला. शिव्या म्हणत नाही मी. शिव्या ती अशा हासडायची की स्लेजची कुत्री कान पाडून बसायची. वाईट म्हंजे 'यंदा मासे यायचे नाहीत', 'हे पोर काही जगत नाही', असलं. असलं आपल्यात कुणी बोलतच नाही. हवेला कान असतात. बोललं की ती ऐकते, आणि ऐकलं की करून दाखवते. मात्रोनाच्या आईनं तिला चालायच्या आधी हे शिकवलं असेल. पिंपात एकच सुका मासा उरलेला असो, दारात पाहुणे आले की ही म्हणणार, "या, बसा, पुरेल." आणि पुरायचं बरं का! कसं ते देवाला ठाऊक.

नवरा वासिली. उन्हाळ्यात तेलाची बार्ज, म्हंजे चपटी मोठी बोट, समुद्रातून आपल्या नदीत यायची, तेव्हा तिचे जाडजूड नळे खांद्यावर ओढत नेऊन टाक्यांना जोडायचे, हे त्याचं काम. अलास्काच्या ह्या टोकाला रस्ता कुठला? वर्षाचं सगळं डिझेल त्या बार्जवर. दिवे त्यावर, घरातल्या शेगड्या त्यावर. म्हातारपणी वासिलीची छाती गेली. दवाखान्यानं ऑक्सिजनचं मशीन दिलं, विजेवर चालणारं, आणि नाकात नळी.

"जन्मभर मी नळ्या जोडल्या," तो म्हणायचा, "आता मलाच जोडलंय."

मशीन सारखं घरघरायचं. त्याला तो दुसरी बायको म्हणायचा. "घोरते, पण भांडत तरी नाही."

"मग तिलाच सांग चहा टाकायला, पीटरच्या बापा," मात्रोना म्हणायची. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. पीटर त्यांचा मुलगा, तो शहरात गेला तो गेलाच.

वासिलीचं मागणं एकच, आणि तेही त्यानं आडूनच सांगितलं. "शहरातल्या दवाखान्याच्या खिडकीतून नदी दिसत नाही म्हणे." एवढंच. मात्रोनाला कळलं. त्याला ह्याच घरात ठेवायचं, ह्याच पलंगावर, शेवटपर्यंत. मग दुसरं काही तिच्या डोक्यात राहिलंच नाही.

विजेसाठी टेकाडावर पवनचक्क्या होत्या ना! आल्या तेव्हा आपण काय जेवण घातलं होतं! चरबीत बेरी घोळून घमेली भरली होती. वारा फुकटचा, आणि वारा तर आपल्याकडे रग्गड. पण एकीचा गिअर फुटला, त्याचा भाग समुद्रापलीकडून यायचा होता, तो आला तर बसवणारा माणूस धुक्यात अडकला. दुसऱ्यांच्या पात्यांवर बर्फ चढायचा, की त्या गप्प. आणि फिरल्या तरी खाली डिझेलचं इंजिन चालूच लागायचं. वीजघर सांभाळायचा येवोन, मात्रोनाच्या बहिणीचा मुलगा. तो म्हणायचा, "मावशी, वारा म्हंजे लहर आहे नुसती. आला तर आला."

त्या वर्षी नदीला पाणी कमी, बार्ज खाली वाळूत रुतली. ती निघेपर्यंत नदीवर बर्फ धरला. बार्ज मागे फिरली.

टाक्यांत तेल थोडं. सरकार म्हणालं, विमानानं तेल पाठवतो, पण विमान एक आणि गावं बरीच. ज्याची नड मोठी त्याला. म्हणून ऑफिसातली फेओदोरा वायरलेसवर घरोघर विचारणार होती. वायरलेस म्हंजे सगळं गाव ऐकणार.

येवोन पळत आला. "मावशी, आज तरी खरं बोल. तुझ्याकडे मशीन आहे. पुरत नाही म्हण, की विमान आपलंच."

"तूच बोल की!"

"माझं नाही धरत ते. ज्याच्या घरात आजारी, त्यानंच सांगायचं."

फेओदोरानं सुरुवात केली. आगाफियाचं घर? "पुरेल." निकिताचं घर? "भागेल, भागेल." एकेक घर असंच. निकिताची शेगडी तर तेव्हाच विझली होती! मग मात्रोनाचा नंबर.

"मात्रोना मावशी, मशीनला पुरेल का हिवाळाभर?"

येवोन दारात, टोपी हातात चुरगाळत. वासिली पलंगावर, नळी नाकात, बायकोकडे बघत. पुरणार नाही म्हणायचं म्हंजे काय म्हणायचं? त्याचा श्वास संपणार, हे त्याच्यादेखत, हवेच्या देखत म्हणायचं. तिनं बटण दाबलं.

"पुरेल," म्हणाली.

येवोन टोपी डोक्यावर ओढून निघून गेला. विमान वरच्या गावाला उतरलं.

मग वीज दिवसातून थोडाच वेळ. बाकीच्या वेळी मशीन चालवायला मात्रोनानं पडवीतलं छोटं इंजिन काढलं. तिच्याकडचं तेल संपत आलं, तशी आगाफिया डबा घेऊन आली.

"हा गळतो मेला," म्हणाली, "माझ्याकडे सांडून जाईल. ठेव तुझ्याकडे."

डबा कुठला गळतोय! निकितानं किटलीतून आणलं, म्हणे चहाला वास लागतो. कुणी 'घे' म्हणालं नाही, हिनं 'दे' म्हटलं नाही. आणि सगळ्यांची घरं गारठत गेली.

डबेही संपले. वासिलीचे ओठ निळे पडले, तेव्हा दवाखान्याचं विमान आलं. एकाच माणसाची जागा. झोपवून नेताना त्यानं तिचा हात धरला.

"म्हातारे, तुला पुरेल ना?"

तिनं त्याचं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

शहरात दिवसरात्र लख्ख दिवे होते म्हणे. खिडकीतून भिंत दिसायची. चार दिवसही काढले नाहीत त्यानं.

त्याची शवपेटी आली तेव्हा जमीन गोठून दगड झालेली. विस्तव पेटवून वितळवल्याशिवाय कुदळ शिरेना. वाफेच्या न्हाणीसाठी जपलेली, नदीतून वाहून आलेली लाकडं प्रत्येकानं आणून रचली. त्या जाळाशी उभं राहून सगळं गाव कित्येक आठवड्यांनी नीट शेकलं. मात्रोना तेवढी लांब उभी होती.

दवाखान्यानं मशीन परत नेलं. पुढच्या उन्हाळ्यात बार्ज वेळेवर आली, टाक्या काठोकाठ. फेओदोरानं वायरलेसवर विचारलं, "मात्रोना मावशी, तुझं काय? पुरेल का?"

बटण दाबल्याची खट्ट आली, सोडल्याची आली, पुन्हा दाबल्याची आली. आम्हाला वाटलं, बिघडलं वायरलेस.

मग म्हणाली, "आता मी एकटी. मला किती लागतंय? पुरेल."