सायलेन्सरच्या बाजूचा पाय

गाडी साइड स्टँडला लागली की ते आधी हेल्मेट काढत नसत. आधी खाली बसत. एक गुडघा रस्त्यावर टेकून, मागे बसलेल्या बायकोच्या उजव्या पावलावरून बोटांपासून घोट्यापर्यंत तळहात फिरवत. येणारेजाणारे बघायचे. काहींना वाटायचं, माणूस बायकोच्या पाया पडतोय.

मी व्हीलचेअर घेऊन डायलिसिस सेंटरच्या दारात उभी असायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी विचारलं, "काकी, चटका बसला का?"

त्या काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तिला इचारू नका बाय. तिला कलत नाय."

काकींना वीस वर्षांची साखर. पावलं कधीच बधिर झालेली, त्यात खिळा रुतला तरी पत्ता लागायचा नाही. मग मूत्रपिंडं गेली आणि त्या आमच्याकडे पनवेलला डायलिसिसला येऊ लागल्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. मी तिथे टेक्निशियन आहे. माझे वडील बाजारात भाजीच्या गोणी उतरवायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. फिजिक्स, वर हा कोर्स. हे मी कुणालाही न विचारता सांगते, कारण ते मी कमावलंय.

काका उरणकडच्या खाडीकाठचे. जन्म मासेमारीत गेला. काकींना एसटीची पायरी चढवत नव्हती आणि रोजची रिक्षा झेपत नव्हती, म्हणून मोटारसायकल. आधी त्या आपल्या सगळ्या बायका बसतात तशा बसायच्या, एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडे. तुमच्या लक्षात आलं असेल, सायलेन्सर उजवीकडे असतो. म्हणजे पाय सुरक्षित. पण डायलिसिसनंतर बीपी उतरतं, माणूस गळून जातो. एकदा परतताना पुलावर काकी घसरल्याच. मागचा ट्रेलर थांबला म्हणून वाचल्या.

त्याच्या पुढच्या खेपेपासून काकांनी त्यांना दोन्हीकडे पाय टाकून बसवलं आणि ओढणीने आपल्या कमरेला बांधलं. काकींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "या वयात मना पोरासारखी बसवली. गाव हसतंय." पण पडणं थांबलं. फक्त उजवा पाय आता थेट सायलेन्सरला लागून आला.

मग सुरू झाल्या काकांच्या युक्त्या. पहिल्यांदा त्यांनी सायलेन्सरला जाळ्याचे तरंगते गोळे बांधले. ते वितळून अख्ख्या गाडीला चिकटले. मग काथ्या गुंडाळला. त्यातून धूर निघाला तेव्हा हवालदाराने शिट्टी मारून गाडी अडवली, "ओ काका, गाडी पेटली!" मग तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. तो स्वतःच तापायचा आणि वर वाजायचा. काकी म्हणायच्या, "आमी येतो ते आर्ध्या पनवेलला कलतं." आणि खुर्चीत बसता बसता मला डोळा मारून, "लगीन झालं तवा चारचौघांत कदी हात नाय धरला ह्यांनी. आता रोज पाय धरतात, बग."

काका मान खाली घालून हसायचे. मग मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, "डाक्तर काय बोलला? या पायाला येक जखम झाली तर?"

डॉक्टर काय म्हणाले होते ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. अशा पायाची जखम भरत नाही. पाय काढावा लागतो. आणि अशा शरीराला ते ऑपरेशन सोसत नाही.

"तुमी शिकलेल्या. तुमी सांगा काय करू."

मला कुणी असं विचारलं की माझी मान ताठ होते. मी म्हटलं, "सोप्पं आहे काका. माठातलं पाणी गार कसं राहतं? बाहेरचा ओलावा उडतो, तो उष्णता घेऊन जातो. सायलेन्सरला ओलं गोणपाट बांधा. सिग्नलला बाटलीतून पाणी मारत राहा." वर हेही सांगितलं, "काकींना सुती मोजे घाला. साखरेच्या पायाला चांगले."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी औषधच काढून दिलं.

पुढच्या खेपेला न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरनी रस्ता तुंबला होता. चाळीस मिनिटांच्या जागी ते दीड तास इंजिन चालू ठेवून, पुढे सरकत, थांबत आले. गोणपाट सुकू दिलं नव्हतं. गाडी लावली, खाली बसले, तळहात ठेवला आणि तो तसाच राहिला. मोजा गरम होता आणि ओला होता. मी तो हळूहळू खाली सारला. मोज्याबरोबर कातडी आली.

काकी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. "काय झालं? काय झालं गं?"

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. माझी आई शाळेत गेलेली नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ओल्या फडक्यानं चुलीवरचं भांडं उतरवलं की हात भाजतो. कोरड्यानं उतरवायचं असतं. हे तुला नव्हतं माहीत?"

माहीत होतं. दहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. पण त्या दिवशी मी पदवीने उत्तर दिलं होतं, हाताने नाही.

काकांना मी हे सांगायला गेले. ते आधीच म्हणाले, "तुमचं बरोबरच असंल. माजंच पानी कमी पडलं असंल." आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं मी आजही माफ करू शकत नाही.

जखमेला पट्टी झाली, पण डायलिसिस थांबवता येत नाही. खेपा चालूच राहिल्या. आता काका आपलं उजवं पाऊल मागच्या फूटरेस्टवर, सायलेन्सरला लागून ठेवत आणि त्यावर काकींचं पट्टी बांधलेलं पाऊल. असे ते चाळीस-चाळीस मिनिटं यायचे. मी ओरडले, "अहो, मग मागचा ब्रेक कोण दाबणार?"

"फुडचा हाय ना."

"आणि तुमचा पाय? टाच बघा कशी झालीय!"

"मना भाजलं की कलतं ना, बाय. कललं की गाडी थांबवतो."

त्यांच्या टाचेवर फोडावर फोड आले होते. ते भरले. काकींच्या पायाची बोटं काळी पडली. नंतर पाऊल. गुडघ्याखालून पाय काढला तेव्हा काका बाहेरच्या बाकावर बसून होते. मी चहा नेला, त्यांनी तो घेतला आणि गार होईपर्यंत हातात धरून ठेवला. त्यानंतर काकी जेमतेम सात वेळा आल्या, रिक्षाने. आठव्यांदा आल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर काका एकटे आले. आमच्याकडे रीत आहे, ज्यांचं माणूस जातं ते उरलेली इंजेक्शनं दुसऱ्या पेशंटसाठी देऊन जातात. ती थंड ठेवावी लागतात, म्हणून त्यांनी मासळीच्या डब्यात बर्फ घालून आणली होती. मी एकेक मोजून फ्रिजमध्ये ठेवली. मग मला राहवेना.

"काका, ते गोणपाट माझ्यामुळे. त्याची वाफ झाली. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी बोलले नाही."

"ठावं हाय मना."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. ट्रेलरमागं उभा व्हतो तवा वाफ बगितली. वाटलं, थंड होतंय. हात लावला तवा समजलं."

"मग मला शिव्या का नाही दिल्या? पाणी कमी पडलं म्हणालात!"

ते डब्याचं झाकण लावत होते. लावून झाल्यावर म्हणाले, "दुसऱ्या खेपेला तिच्या हातात सुई कोन टोचनार व्हता? तुमीच ना. तुमाला बोललो असतो तर तुमचा हात हलला असता. तिला दुकलं असतं."

डबा खांद्याला लावून ते जिना उतरून गेले.

आत काकींच्या जागेवर एक नवीन बाई दंड पुढे करून बसल्या होत्या. मी हात धुतले, ग्लोव्हज चढवले, सुई उघडली. "ताई, हळू हां," त्या म्हणाल्या.

मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली आणि पलीकडच्या टेक्निशियनला हाक मारली, "यांना आज तू टोच."