गच्चीवरची तार

नरहर परतूरकर भित्रा माणूस. ते तो स्वतःच सांगायचा, त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. गल्लीतलं कुत्रं गुरगुरलं की तो दुसऱ्या वाटेनं घरी यायचा. सरकारी कचेरीत बिलं तपासायचं काम होतं त्याचं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की चूक नसतानाही त्याचे तळवे ओले व्हायचे. बायको रेणुका म्हणायची, "ह्यांना भ्यायला कारण लागत नाही, फक्त वेळ लागतो."

पण रेडिओसमोर बसला की हाच माणूस मोकळा व्हायचा. नरहर हौशी रेडिओवाला, ज्यांना हॅम म्हणतात त्यांतला. परीक्षा देऊन त्यानं सरकारी परवाना घेतला होता. घरात एक सेट, बाहेर उंचावर ताणलेली एक तार, एवढाच पसारा. मधे ना मोबाईल कंपनी, ना इंटरनेट. तारेवरून निघालेला आवाज वर जातो, आभाळातल्या एका थरावर आपटतो आणि हजारो मैलांवर कुठेतरी उतरतो. जुन्या जालन्यात, कापड दुकानाच्या वरच्या भाड्याच्या घरात, त्याची तार बांबूंवर वर्षानुवर्षं होती. तिच्यात पतंग अडकायचे, कावळे बसायचे. खालचा दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, "वर परतूरकर साहेब जपानशी बोलून राह्यले." आणि ते खरं असायचं.

मग घरमालकानं इमारत पाडायला काढली आणि परतूरकर अंबड रोडकडच्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला आले. तिथं गच्चीवर पाण्याच्या टाक्या, सोलर आणि टीव्हीच्या छत्र्या एवढंच चालेल असा नियम होता. नरहरनं रीतसर सोसायटीच्या बैठकीत परवानगी मागितली. परवान्याचा कागद प्लास्टिकमध्ये घालून नेला होता. तो दाखवताना प्लास्टिक हातात करकरत होतं.

"म्हंजे टावरच ना हे?" एकानं विचारलं. "टावरनं कॅन्सर होतो म्हणतात."

"वीज पडली तर सगळ्या बिल्डिंगचे टीव्ही जातील."

"आणि सीमेवर हे असं चालू असताना, उद्या पोलीस आले म्हणजे?"

चेअरमन तातेराव शहागडकडचे बागायतदार. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेले. त्यांचं बोलणं मऊ आणि शब्द पक्का. ते म्हणाले, "परतूरकर साहेब, लायसन तुमचं बराबर आहे. पर गच्ची सगळ्यांची आहे. तिथं बिलकुल लावायचं न्हाई."

काही महिने त्यानं बाल्कनीत तार गुंडाळून पाहिली. ऐकू यायची ती नुसती खरखर. शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर, दिवे, चार्जर, सगळे त्यात ओरडत असायचे. नरहर जेवताना बोलेनासा झाला. आणि मग एका दुपारी, इमारत झोपलेली असताना, त्यानं आयुष्यातलं पहिलं धाडस केलं. ते चुकीचं होतं.

टाकीच्या खांबापासून जिन्याच्या खोलीवरच्या हुकापर्यंत त्यानं तांब्याची उघडी तार ताणली. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी बांधली. खाली येणारी केबल टीव्हीच्या केबलींमध्ये मिसळून टाकली. शेजारी धुण्याच्या दोन तारा होत्याच, ही तिसरी त्यांच्यासारखीच दिसत होती. तरी त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती, म्हणून त्यानं तिच्यावर कपड्यांचे चार चिमटे लावून दिले.

"कुणी हात लावला तर?" रेणुकानं विचारलं.

"नुसत्या तारेला काही होत नाही. मी बोलत असतो तेवढ्यापुरतंच तिच्यात जोर असतो. तेव्हा हात लागला तर भाजेल. पण दुपारी वर कुणी येत नाही."

"आणि आलं तर?"

"मी बोलताना तू जिन्यात उभी राहा."

सुरुवातीला ती उभी राहिली. कुणी वर आलं नाही. मग तिनं सोडून दिलं आणि त्यानंही आठवण केली नाही. पण त्याची भीती काही गेली नाही, ती आता रेडिओपाशीच येऊन बसली. बेल वाजली की तो सेटवर चादर टाकायचा. लिफ्ट त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर थांबली की वाक्य अर्धं सोडायचा. एवढं हळू बोलायचा की पलीकडचे लोक पुन्हा पुन्हा विचारायचे. आवाज पोचेना म्हणून त्यानं सेटचा जोर वाढवत वाढवत शंभर वॉटवर नेला.

तो रविवार होता, जेवणानंतरची वेळ. फिनलंडमधली एक बाई अगदी स्वच्छ ऐकू येत होती. ती तिच्याकडच्या तळ्याबद्दल सांगत होती, आणि नरहर तिला मोसंबीच्या बागांबद्दल सांगू लागला. त्याचं लक्ष सहज मीटरवर गेलं. तार नीट असली की त्या मीटरचा काटा डावीकडे पडून असतो. तो एकदम उजवीकडे उडाला.

याचा अर्थ एकच होता. तारेवर काहीतरी पडलंय.

त्याला ते कळलं आणि तरीही बोट बटणावरच राहिलं. तोंडातलं वाक्य पुढे सरकत होतं. मग वरून बादली पडल्याचा आवाज आला, आणि एक किंकाळी.

जिन्याचा कठडा धरून तो वर जात होता आणि डोक्यात एकच नाव होतं. नंदाबाई. तातेरावांची आई. सगळ्या इमारतीत धुणं हातानं धुऊन उन्हात टाकणारी ती एकटीच. गेल्या वर्षी तिच्या छातीत मशीन बसवलं होतं. हृदय थांबू नये म्हणून बसवलेलं, विजेवर चालणारं. हे त्याला ठाऊक होतं. तातेरावांनी पेढे वाटले होते, त्यानं खाल्ले होते.

नंदाबाई कठड्याला टेकून खाली बसली होती. ओलं लुगडं अर्धं तारेवर, अर्धं धुळीत. उजवा हात तिनं डाव्या हातात घट्ट धरला होता.

"मावशी! छातीत काही होतंय का?"

"तार डसली रे बाबा," ती म्हणाली. "इंचवावानी."

त्यानं तिची मूठ उघडली. बोटाच्या पेरावर पांढरा ठिपका होता, कडेला काळपट. जळक्या कातडीचा वास येत होता. तिच्या ओठांचा रंग गेला होता, आणि तो मशीनमुळे गेला की भीतीमुळे, हे नरहरला कळायला मार्ग नव्हता.

तोवर माणसं जमली. तातेराव अनवाणी धावत आले, त्यांच्या मागून वॉचमन कडूबा. कडूबानं लिफ्टच्या खोलीतून एक वायर ओढून गच्चीच्या दाराशी दिवा लावला होता, ते सगळ्यांना माहीत होतं.

"करंट उतरला," तातेराव म्हणाले आणि कडूबाकडे वळले. "तुला किती डाव सांगितलं, हे उघडे वायर ठिऊ नको म्हणून."

"मालक, म्या सकाळीच बटन बंद केल्तं. आईशप्पथ."

"उद्यापासून येऊ नको."

कडूबा गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला. त्याची नजर नरहरवरूनही फिरली. नरहरनं खाली पाहिलं. कुणीतरी म्हणालं, गाडी काढा जल्दी. नंदाबाईनं नरहरचं मनगट धरलेलं होतं, ते तिनं सोडलं नाही, म्हणून तोही गाडीत बसला.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, ती पुन्हा पुन्हा पाहिली. "शॉक कशाचा? घरच्या लाईटचा?"

"हो, लाईटचाच," तातेराव म्हणाले.

डॉक्टर नर्सला त्याप्रमाणे सांगू लागले. नरहर भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टर चुकीच्या रोगावर उपचार करताहेत, आणि हे या खोलीत फक्त आपल्याला ठाऊक आहे, एवढं त्याला स्पष्ट दिसत होतं. बोललो तर घर जाईल, नोकरी जाईल, तातेरावांचे हे मोठाले हात माझ्या गळ्याशी येतील. न बोललो तर ही बाई माझ्यासमोर मरेल. धीर आला म्हणून तो बोलला नाही. दुसरी भीती पहिलीहून मोठी होती.

"लाईटचा नाही," तो म्हणाला. "रेडिओचा आहे. माझ्या. ती तार धुण्याची नव्हती."

कुणाला ऐकू गेलं नाही असं वाटून त्यानं ते पुन्हा म्हटलं. डॉक्टरांनी पेन थांबवलं. किती जोराचा, किती वेळ, असं विचारलं, आणि छातीतलं मशीन तपासणाऱ्या माणसाला संभाजीनगरहून तातडीनं बोलावून घेतलं.

तो येईपर्यंत दोघं बाहेरच्या बाकावर बसले. तातेराव समोरच्या भिंतीकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, "चिमटे बी तुम्हीच लावल्ते?"

"हो."

"का बरं? कुणी धुणं टाकावं म्हणून?"

"संशय येऊ नये म्हणून."

"माझ्या मायला जर का..." तातेराव म्हणाले आणि थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नरहर सांगतो की पुरं केलं असतं तर बरं झालं असतं. उरलेलं वाक्य तो कितीतरी दिवस स्वतःच पुरं करत राहिला, दर वेळी वेगळं.

मशीन शाबूत निघालं. ठोके एकदोनदा चुकले होते, ते पडल्याच्या धक्क्यानं असावेत असं डॉक्टर म्हणाले. बोटाला मलमपट्टी, एक रात्र देखरेख, बस. हे ऐकल्यावर नरहर दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि त्याला उलटी झाली.

संध्याकाळी त्यानं तार उतरवली. कडूबा खाली आपली गोधडी बांधत होता. नरहरनं त्याला सगळं सांगितलं, हात जोडले. तातेरावांनी त्याला राहायला सांगितल्याचंही सांगितलं. कडूबानं गाठ सोडली, पण नजर वर केली नाही. "तुम्ही तिथंच उभे होते की साहेब," तो एवढंच म्हणाला.

बैठकीत नरहर उभा राहून बोलला. काहींना पोलीस हवे होते. तातेराव म्हणाले, पोलीस नको, गच्चीवर मात्र आता कधीच काही न्हाई.

सेट कपाटात गेला. पण नरहरची अवस्था वाईट होती. मोबाईलचा चार्जर तो टॉवेलनं धरून काढायचा. गच्चीवर पावलं वाजली की ताट सोडून उठायचा. रोज कचेरीतून आल्यावर तो नंदाबाईकडे जायचा आणि दारातूनच विचारायचा, "मावशी, बरं आहे ना?" तिच्या छातीकडे पाहायचा, श्वास वरखाली होतोय का ते.

एक दिवस ती वैतागली. "मी न्हाई मरत अजून. बस इथं. त्या दिवशी कुणाशी बोलत होता तू?"

"फिनलंडच्या एका बाईशी. लांबचा देश आहे."

"मंग तिला सांगितलं का, तू मधीच कुठं गेल्ता ते?"

नरहरच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"न्हाई सांगितलं," नंदाबाईनं स्वतःच उत्तर दिलं. "ती बाई बोलत बसली आसंल एकटीच." मग ती आत पाहून मुलाला म्हणाली, "तातेराव, ह्याला आपल्या शेतात लावू दे त्याची तार. तिथं कोण धुणं टाकून राह्यलंय?"

तातेरावांना ते आवडलं नाही. महिनाभर त्यांनी विषय काढला नाही. मग एकदा लिफ्टमध्ये म्हणाले, "आई रोज विचारती. या एखाद्या रविवारी. पर मी स्वतः उभा राहीन तिथं." नरहरनं आधी परवान्यावर त्या जागेची रीतसर नोंद करून घेतली. ती हातात आल्याशिवाय तो निघाला नाही.

शहागडच्या त्या शेतातून गोदावरी दिसत नाही, पण नदीचा गारवा येतो. थंडीतली सकाळ होती. दोन कडुलिंबांच्या शेंड्यांजवळ, हात उंचावूनही लागणार नाही अशी, त्यानं तार बांधली. विजेची लाईन किती लांब आहे ते तीनदा चालत जाऊन पाहिलं. दोन्ही झाडांभोवती बाभळीच्या काट्या रचल्या. तरी बटणावर बोट ठेवलं आणि ते दाबेना. घाम कपाळावरून चष्म्यात उतरला.

"कुणी आहे का तिकडं?"

"कुणी न्हाई," तातेराव बांधावरून म्हणाले. त्यांच्या हातात काठी होती, शेळ्या हाकायला.

"त्या झाडाच्या मागं?"

तातेराव झाडाला वळसा घालून आले. "कुणी न्हाई साहेब. मी पाहून राह्यलो. बोला तुम्ही."

नरहरनं जोर अगदी कमी केला, पाच वॉटवर. परवान्यावरचं आपलं नाव-निशाण एकदाच म्हटलं आणि चटका बसल्यासारखं बटण सोडलं. खरखर. पुन्हा म्हटलं. चौथ्या वेळी विशाखापट्टणमचा एक माणूस बोलला, आवाज अशक्त येतोय, पण समजतोय, म्हणाला.

आजही महिन्यातून एखाद्या रविवारी नरहर तिथं जातो. तातेराव येतात किंवा शेतावरच्या गड्याला बांधावर उभं करतात. फिनलंडची ती बाई पुन्हा सापडलेली नाही. पाच वॉटवर ती सापडणं कठीणच. रेणुका कधी सोबत जाते. ती सांगते की पूर्वी रेडिओवर बोलताना ह्यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा व्हायचा, आता तसा होत नाही. बोलताना ते सारखे वर तारेकडे पाहतात, आणि दर दोन वाक्यांनंतर थांबून बांधावरच्या माणसाला हाक मारतात.