बाळारामनाना आणि शेवटच्या रांगेतला तिसरा रिव्हेट

श्री. बाळाराम हिरू म्हात्रे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा सुरुवातीला मला ते दिसलेच नाहीत. भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोदामात विमानांच्या पत्र्याची दुरुस्ती करणारा छोटा कारखाना होता. तिथे सामानाचे भांडार आणि नोंदवह्या सांभाळायला माणूस हवा आहे असे कळल्यावरून मी गेलो होतो. गोदामाच्या मधोमध दोन लाकडी घोड्यांवर विमानाचा एक पंख आडवा ठेवला होता. मी हाक मारली. पंखापलीकडून आवाज आला, "जो कोण हाय तो जरा उभा ऱ्हा. अजून तीन ऱ्हायलेत." मी उभा राहिलो. जोडीदाराबरोबर तीन रिव्हेट ठोकून झाल्यावर एक ठेंगणे, सावळे गृहस्थ पंखाखालून वाकून बाहेर आले. हात पुसत त्यांनी विचारले, "कालेजात शिकलेला दिसतोस. अक्षर कसं हाय?" बरे आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग ऱ्हा." मुलाखत एवढीच झाली. त्या दिवसापासून ते मला 'मास्तर' म्हणतात आणि मी त्यांना त्यांच्या सगळ्या कोन गावाप्रमाणे 'नाना' म्हणतो.

आज नानांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांनी शाळेच्या इमारतीसाठी केलेली धावपळ, गावातली भांडणे मिटवण्याची त्यांची हातोटी याविषयी या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले आहेच. त्यांचे रोजचे काम मात्र गावातल्या फार थोड्यांनी पाहिले आहे. मी ते जवळून पाहिले, म्हणून तेवढ्याविषयीच लिहितो.

भिवंडीत विमान कधी उतरले नाही. पिकांवर औषध फवारणारी लहान विमाने घाटावरच्या गावांकडे उडत. ती उभ्या पिकाच्या डोक्यावरून इतकी खालून जातात की कधी झाडाची फांदी लागते, कधी तार. शिवाय औषध पत्रा खाते ते वेगळेच. मग मोडलेला पंख किंवा शेपटीचा भाग सोडवून, गोधड्यांत गुंडाळून, ट्रकने राहनाळला येई. एकदा भिवंडीच्या निजामपुऱ्यातून असा ट्रक जाताना एका लूमवाल्याने तो मागावरचा सुताचा रूळ समजून आमच्या ड्रायव्हरला विचारले होते, "ये इतना बड़ा बीम किस लूम का है, भाई?"

नाना भातशेती करणाऱ्या घरातले. लढाईच्या काळात विमानदुरुस्तीच्या एका कारखान्यात ते सामान वाहायला म्हणून लागले आणि वाहता वाहता काम शिकले. पुढे परीक्षा देऊन त्यांनी तपासणीची सही करण्याचा अधिकार मिळवला. आमच्या कारखान्यात तो अधिकार त्यांच्या एकट्याकडे होता. त्यांची सही झाल्याशिवाय कोणताही भाग बाहेर जात नसे.

विमानाचा पत्रा रिव्हेटांनी, म्हणजे मागून चेपून बसवलेल्या खिळ्यांनी, जोडलेला असतो, आणि सगळे रिव्हेट सारखे नसतात. काही मऊ, काही कणखर. वरून सारखे दिसतात, पण कणखराच्या डोक्यावर मधोमध एक बारीक खळी असते. नाना डबीतून काढलेला प्रत्येक रिव्हेट अंगठ्याखालून फिरवून मगच भोकात घालत. जमिनीवर पडलेला रिव्हेट ते पुन्हा वापरत नसत. एकदा मी असा एक उचलून, पुसून डबीत परत टाकला. त्यांनी सबंध डबी माझ्यासमोर ओतली. "आता यातला पडलेला कुठला, दाखव." मला दाखवता येईना. "मलाबी न्हाय येत," ते म्हणाले आणि सगळी डबी बाद केली. मालकांना कारण सांगताना माझे नाव घेतले नाही.

कामाबाहेर ते असे कडक नव्हते. 'विमानवाले नाना' म्हणून त्यांची ख्याती झाली होती आणि निजामपुऱ्यातल्या बायका पातेल्यांचे निखळलेले कान घेऊन येत. एका म्हातारीचा हट्टच होता, "बेटा, मुझे जहाजवाली कील लगा दे, जिंदगीभर हिलेगी नहीं." नाना म्हणाले, "खाला, जहाज की कील जहाज को. तुम्हारे पतेले को उससे भी भारी देता हूँ." मग स्वतः बाजारातून आणलेला तांब्याचा रिव्हेट त्यांनी त्या पातेल्याला ठोकून दिला. म्हातारी समाधानाने गेली. विमानाला यापेक्षा हलके खिळे लावतात, असे तिने गल्लीत सांगितल्याचे पुढे कानावर आले.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. तो माझ्या चुकीचा आहे. गौरवग्रंथात स्वतःची चूक लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला, पण ती वगळली तर नाना नीट सांगताच येत नाहीत.

रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागतात. बाहेरचा हवेच्या दाबावर ठोके मारणारी गन चालवतो. आतला माणूस पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. त्याला डॉली म्हणतात. गनच्या माराने रिव्हेटचे मागचे टोक डॉलीवर चेपून त्याची चपटी गुंडी होते. गुंडी बाहेरच्याला दिसत नाही. म्हणून आतल्याने डॉलीने पत्र्यावर टकोरे द्यायचे. एक म्हणजे अजून मार. दोन म्हणजे जमला. तीन म्हणजे बिघडला, ड्रिलने काढून टाक. या टकोऱ्यांवर बाहेरचा पूर्ण विसंबून असतो.

नानांचे नेहमीचे जोडीदार यासीनभाई भावाच्या लग्नासाठी गावी गेले होते. फवारणीचा हंगाम तोंडावर होता आणि एका पंखाच्या टोकाचे काम अडले होते. हात घालायचे भोक लहान होते. नानांनी माझ्या मनगटाकडे पाहिले. "मास्तर, तुझा हात बारीक हाय. डॉली धर."

मी धरली. नवखा असल्याने डॉली तिरकी होई. सकाळपासून चार वेळा मी तीन टकोरे दिले आणि चारही वेळा नानांना ठोकलेला रिव्हेट ड्रिलने काढावा लागला. मालक जवळच उभे होते. "ट्रक उद्या सकाळी निघायला हवा, नाना. तिकडे वैमानिक हातावर हात धरून बसलाय." शेवटच्या रांगेत, टोकाकडून तिसऱ्या रिव्हेटला डॉली पुन्हा सरकली. मी बोटाने चाचपले. गुंडी एका बाजूला कललेली वाटली. वाटली, की होती? मला तेव्हा ठरवता आले नाही असे मी स्वतःला सांगितले. खरे तर ठरवायचे नव्हते. मी दोन टकोरे दिले.

सगळे रिव्हेट बसल्यावर नानांनी आरसा आणि बॅटरी घेऊन आतून तपासले. तो एक कोपरा पंखाच्या फासळीमागे होता, तिथे आरसा वळत नव्हता. त्यांनी माझे टकोरे खरे धरून सही केली.

मी कॉलेजात असल्यापासून रोजनिशी लिहितो. त्या संध्याकाळी लिहिले, "पंखाचे काम पूर्ण झाले. सर्व ठीक." शेवटचे दोन शब्द खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. तो वैमानिक मी पाहिलेला नव्हता. पण तो पिकावरून किती खालून उडतो हे मला नोंदवह्यांवरून ठाऊक होते.

सकाळी पहिल्या गाडीने मी कोनला नानांच्या घरी गेलो. कल्याणच्या बाजूला जाणारा ट्रक त्यांच्या दारावरूनच जाणार होता. नाना ओटीवर भाकरी खात होते. मी चप्पलही न काढता सांगून टाकले.

"कुठला?" त्यांनी विचारले.

"शेवटच्या रांगेतला. टोकाकडून तिसरा."

त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली, हात धुतला, खांद्यावर पंचा टाकला आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी मागे उभा. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हते. ट्रक आधीच निघून गेला असेल तर? हा विचार मी त्या अर्ध्या तासात किती वेळा केला सांगता येणार नाही. अखेर वळणावर गोधड्या बांधलेला ट्रक दिसला तेव्हा मी बाजूच्या मैलाच्या दगडावर बसलो.

नानांनी पंचा हलवला. ड्रायव्हर रफीकने डोके बाहेर काढले. "क्या नाना, चाय पिलाते क्या?"

"गाडी फिरव."

"अरे नाना! सेठ मेरी खाल खींचेगा!"

"तुझी न्हाय खेचणार. माझी खेचंल. फिरव."

परतीच्या वाटेवर त्यांनी ट्रक निजामपुऱ्यात, ओळखीच्या दाताच्या डॉक्टरांच्या दारात उभा करायला लावला. गल्ली अडली, मागून हातगाडीवाले ओरडू लागले. गाल धरून बसलेल्या रोग्यांच्या रांगेतून नाना आत गेले.

"डाक्टर, तुमचा तोंडात घालायचा आरसा द्या जरा."

"कोणाचा दात दुखतोय, नाना?"

"पंखाचा. संध्याकाळी परत देतो."

दांडीचा तो चिमुकला आरसा फासळीमागे सहज वळला. नानांनी पाहिले आणि मग मला दाखवले. गुंडी कलली होती, आणि तिच्या कडेला केसाएवढी चीर होती. माझी शंका खरी ठरली होती, आणि तरीही मला जो सुटल्यासारखा श्वास आला तो मी अजून विसरलो नाही. पंख आमच्यासमोर, जमिनीवर होता. त्याच्या भरवशावर कोणी हवेत नव्हते.

मालक आले ते चिडूनच. "नाना, कागदावर सही तुमचीच आहे ना?"

"हाय. म्हणूनच परत आणलाय." आणि नानांनी माझ्या नोंदवहीतली स्वतःची सही एका रेघेने खोडली. शेजारी, त्यांच्या मोठ्या बाळबोध अक्षरांत लिहिले: तपासणाऱ्याने कोपरा न पाहता सही केली. माझे नाव त्या ओळीत नव्हते.

मालक माझ्याकडे वळले. मला उद्यापासून येऊ नका असे सांगणार हे दिसतच होते. नाना मध्ये म्हणाले, "शेठ, यानं सांगितलं म्हणून कळलं. याला काढलात तर पुढल्या टायमाला सांगायला कोण येल?" मालक ट्रंक कॉल लावायला गेले, एक दिवस उशीर होईल असे कळवायला.

ड्रिलला नवे पाते लावता लावता नानांनी मला विचारले, "मास्तर, एक खरं सांग. काल तू तीन टकोरे द्यायचास, तवा मी काय करत होतो?"

"काही नाही, नाना. ड्रिल घेत होतात."

"खरं सांग."

मी सांगितले. चौथ्या वेळी त्यांनी उसासा टाकला होता. पत्र्यापलीकडून मला तो ऐकू आला होता.

"मंग अर्धा रिव्हेट माझाच बिघडला," ते म्हणाले. "चल, धर डॉली."

"मी? यासीनभाई येईपर्यंत..."

"तूच धर. तुझ्या हातानं बिघडलाय, तुझ्याच हातानं बसू दे. न्हायतर जल्मभर डॉलीला भिशील."

चिरलेला रिव्हेट निघाला. भोक थोडे मोठे करून एक माप जाड रिव्हेट घातला. या वेळी मी डॉली सगळा जोर लावून सरळ धरली. गुंडी बोटाने चाचपली, दोन टकोरे दिले, आणि नानांनी तरीही दाताच्या आरशाने पाहिले. मग सही केली. पुढे त्यांनी तसा आरसा कारखान्यासाठी विकत आणवला.

त्यानंतरची सहा वर्षे मी त्यांच्याजवळ काढली. कोणीही तीन टकोरे दिले की ते मोठ्याने "बरं झालं!" म्हणत आणि ड्रिल उचलत. नवीन आलेल्याला ते विचित्र वाटे. बिघडले तर बरे कसे झाले? मी कधी कोणाला समजावले नाही. चार दिवसांत त्यांचे त्यांनाच समजे.

हंगाम संपल्यावर त्या विमानाचा वैमानिक दुसऱ्या कामासाठी राहनाळला आला. उमदा, बोलका तरुण होता. नानांनी त्याला घरी जेवायला नेले, मलाही बोलावले. वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीचे मासे केले होते. तो अर्धा जेवला असेल, तेवढ्यात नानांनी त्याला सगळे सांगितले. मला वाटले होते, झाकली मूठ राहील. वैमानिकाचा घास हातातच राहिला.

"बदललात ना तो?"

"बदलला. दोघांनी पायला."

त्याने क्षणभर माझ्याकडे, मग नानांकडे पाहिले. "वहिनी," तो आत वळून म्हणाला, "अजून एक भाकरी वाढा." नंतर ओटीवर आल्यावर तो नानांना एवढेच म्हणाला, "आम्हाला असं कोणी सांगत नाही हो."

पुष्कळ विचार करूनही नानांचे मोठेपण याहून नेमके मला सांगता येत नाही. चूक सांगायला येणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे जाताना भीती वाटते, परतताना वाटत नाही. माझ्यासारख्या शंकेखोर माणसाला याचे मोल अधिकच कळते. तो रिव्हेट बदलला त्या दिवशी घरी येऊन मी रोजनिशी उघडली नाही. जेवलो आणि दिवेलागणीलाच गाढ झोपलो.

आता नाना निवृत्त होत आहेत. इतकी वर्षे त्यांनी अनोळखी माणसांच्या जिवाची जोखीम आपल्या सहीवर पेलली. ती माणसे आपापल्या घरी सुखरूप पोचली आणि नानांचे नाव त्यांतल्या बहुतेकांना कधी कळले नाही. त्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने माझे मागणे आहे, की नानांची नजर स्वच्छ राहो, गुडघे न कुरकुरोत, वहिनींच्या हातची भाकरी त्यांना पुढची पुष्कळ वर्षे गोड लागो. आणि एवढ्या लोकांना निर्धास्त करणाऱ्या या माणसाला यापुढे रोज, कशाचीही काळजी न करता, उन्हे ओटीवर येईपर्यंत झोपता येवो.